मिसळ निर्दोष आहे

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

काल मिसळ खाल्ली आणि आज गालावर दोन मुरूम आले, असं तू फोनवर म्हणालास. बिचाऱ्या मिसळीवर उगाच आळ! आज दिसणारा मुरूम साधारण आठ आठवड्यांपूर्वी, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बुचापासून सुरू झालेला असतो. तेव्हा चोर शोधायचाच तर दोन महिन्यांमागे शोधायला हवा.

चेहरा, छाती आणि पाठीवर केसांच्या मुळाशी तेल स्रवणाऱ्या ग्रंथी दाट आणि मोठ्या असतात. वयात येताना अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी म्हटली जाणारी संप्रेरकं वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. पण नुसत्या तेलानं मुरूम होत नाही. केसाच्या नळीतल्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. तुझ्यासारख्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटून तोंडाशी बूच बसवतात. हा स्वभाव बराचसा घराण्यातून येतो. बुचाचं तोंड उघडं राहिलं की काळा ठिपका दिसतो. तो मळ नव्हे, मेलॅनिन या त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवा लागलेल्या तेलाचा रंग आहे, म्हणून स्क्रबनं कितीही घासलंस तरी जात नाही. तोंड बंद असेल तर पांढरा दाणा. आत कोंडलेल्या तेलावर त्वचेतलेच जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, आणि मग लाली, ठणका, पू. नखानं दाबलंस की नळीची भिंत आतल्या बाजूला फुटते, सूज खोल उतरते. खड्डे पडतात ते असे.

आता तुझ्या दोन महिन्यांकडे बघू. जिम लावल्यापासून व्हे प्रोटीन सुरू आहे ना? त्यानं मुरूम वाढल्याचं अनेक मुलांत दिसलेलं आहे. दीड-दोन महिने बंद ठेवून बघ. डाळ, अंडी, हरभरे आहेतच. कोल्ड्रिंक आणि गोड बिस्किटं इन्सुलिन झपाट्यानं वाढवतात, आणि ते ग्रंथींना आणखी चेतवतं. डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं, तिथेही बुचं बसतात. हनुवटीवरचे मुरूम नेमके हेल्मेटच्या पट्ट्याखाली असतील तर पट्टा धूत जा. कपाळावर एकाच आकाराचे, खाजणारे बारीक दाणे असतील तर मात्र ती बुरशी असू शकते. तिला मुरमांची प्रतिजैविकं दिली तर ती उलट फोफावते.

उपचार दिसणाऱ्या मुरमावर नसतो, पुढच्या बुचावर असतो. सौम्य फेसवॉशनं दिवसातून दोनदा, जास्त नाही. रात्री तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्का जेल (नवं बूच बसू न देणारं औषध), अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. ठिपके ठिपके लावू नकोस, कारण न दिसणारी बुचं सगळीकडे पसरलेली असतात. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. सकाळी लागलंच तर बेंझॉइल पेरॉक्साइड (जिवाणू मारणारं औषध) २.५ टक्के, १० टक्क्यांचं त्याहून फारसं जास्त काम करत नाही, जळजळ मात्र जास्त करतं. टॉवेल पांढरा वापर, रंगीत असेल तर या औषधानं त्याचा रंग उडेल. सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटतील. इथेच बहुतेक जण जेल फेकून देतात. बारा आठवडे धीर धर. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

तुझ्या रूममेटनं दिलेल्या मलमाची मला खरी काळजी आहे. तीन दिवसांत चेहरा साफ झाला म्हणतोस. मुरमाचं कुठलंही प्रामाणिक औषध इतक्या लवकर काम करत नाही. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही त्यावर लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. सूज दबते, बूच जागच्या जागी राहतं, कातडी पातळ होत जाते, आणि मलम थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं. अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला, तरी काउंटरवर ती सहज मिळतात. बरेच दिवस लावत असशील तर मनानं एकदम बंद करू नकोस, आधी डॉक्टरांना दाखव. ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो आज रात्रीच पाठव, अक्षरं वाचता येतील असा.

तुझी,
आई