सर, तुमच्या पांढऱ्या पंच्याबद्दल

आदरणीय सर,
सा. न.

हे पत्र मी तुमच्या हातात देऊ शकले असते. पण तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत घडी घालून ते खिशात टाकलं असतं. मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलायचंय, म्हणून उघडच लिहितेय.

माझा पाय मोडला तो नेमका पावसाळ्यात. साताऱ्यात राहणाऱ्या आणि फोटोचं वेड असलेल्या माणसाला भाद्रपदात घरी बसणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको. कासच्या पठारावर गेंद, तेरडा, सीतेची आसवं ही रानफुलं फुललेली, रोज कुणी ना कुणी तिथले फोटो पाठवतंय आणि मी मागच्या दारात खुर्चीवर, पाय स्टुलावर. समोर परस. एक लिंबाचं झाड, कढीपत्ता, जास्वंद, धुण्याचा दगड, त्याच्या कडेने वाढलेलं तण. इतकी वर्षं मी त्या परसात फक्त कपडे वाळत घालायला जात होते.

तुम्ही येण्याआधी मी विचारलं नव्हतं असं नाही. ज्या फोटोग्राफीच्या ग्रुपबरोबर इतकी वर्षं हिंडले, पैसे भरून कार्यशाळा केल्या, तिथेच आधी विचारलं. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी आहे आणि ते हलतंय, याचा फोटो मोबाइलवर नीट येत नाही, काय करू? एकाने सांगितलं, आधी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचं भिंग, घ्या. दुसऱ्याने सांगितलं, बऱ्या व्हा, मग जंगलात गेल्यावर बघू. बाकीच्यांनी हसण्याचे चेहरे टाकले. रोपवाटिकेत फोन केला तर त्यांनी फवारणीचं औषध सुचवलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की घरात अडकलेल्या माणसाने काही विचारलं तर त्याला दोन ओळींचं खरं उत्तर द्यायला काय लागतं? त्या दिवशी फार एकटं वाटलं होतं. ते अजून गेलेलं नाही.

तुम्ही आलात ते आईला भेटायला. खांद्यावर पंचा, हातात तुमच्या बागेतली दोडकी. मी सहज तो अंधुक फोटो दाखवला. तुम्ही हसला नाहीत. "कुठल्या पानावर? कोवळ्या की जून?" एवढंच विचारलंत आणि सरळ झाडाकडे गेलात.

मग जे झालं ते मला सगळ्यांना सांगायचंय.

ऊन तापलं होतं. पान चकाकत होतं, अळीच्या पाठीवर पांढरा डाग पडत होता आणि सावलीचा भाग काळाठिक्कर. अशा वेळी माणसं काय करतात? "आण इकडे, मी काढून देतो" म्हणत फोन हातातून घेतात. आजवर प्रत्येकाने तेच केलंय. तुम्ही फोनला हात लावला नाहीत. माझी खुर्ची उचलून फांदीच्या अगदी जवळ आणलीत, स्टूल सरकवून पाय नीट ठेवलात, आणि खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी ताणून फांदीच्या वर धरलात. उन्हाचा जाच गेला, पानावर मऊ उजेड पसरला. "आता काढा. घाई नाही." बस, एवढंच.

वयाच्या मानाने किती वेळ तसे हात वर धरून उभे होतात! मधूनच हात थरथरत होते ते मला दिसत होतं, पण तुम्ही काही बोलला नाहीत. अळीच्या डोळ्यांच्या उंचीवर या, वरून काढू नका, तोंडाशी फोकस ठेवा, श्वास सोडताना बटण दाबा, इतकंच अधूनमधून सांगत होतात. फोटो आला तेव्हा मला रडू आलं. अळीचा का होईना, पण तो मी काढलेला होता.

त्यानंतरचं सगळं परसातच शिकले. ती विष्ठेसारखी दिसणारी अळी मोठी झाल्यावर कात टाकून हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून लाल, दोन फाट्यांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग शेपटीकडचा भाग फांदीला चिकटवून आणि कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून ती कोष होते. त्यातून जे फुलपाखरू निघालं त्याच्या मागच्या पंखांवर लाल-पांढरे ठिपके होते. मी कॉमन रोझ म्हणाले. तुम्ही म्हणालात, "अंग बघा. अंग लाल असेल तर रोझ. हिचं काळं आहे." ती कॉमन मॉर्मनची मादी होती. रोझच्या अंगात विष असतं, पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, म्हणून ही तिचं सोंग घेते. लिंबाच्या झाडावर एवढं नाटक चालतं आणि आम्ही फक्त लिंबं तोडत होतो!

कासची थोरवी कमी नाही, 2012 साली ते जागतिक वारशात गेलं ते उगाच नाही. पाय बरा झाला की मी जाणारच. पण आता मला सकाळी लवकर, उन्हं यायच्या आत, परसात बसायचं असतं. गारव्याने किडे सुस्तावलेले असतात, पंखांवर दव असतं, हालचाल नसते, फोटो निवांत काढता येतो. जास्वंदीच्या पानामागे उडी मारणारा कोळी सापडला. त्याचे पुढचे दोन मोठे डोळे थेट माझ्याकडे रोखलेले होते. भिंतीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं गाडगं बांधलंय, त्यात ती पिल्लासाठी अळ्या बेशुद्ध करून भरते. आई आधी ते खरवडून काढायची. आता शेजारणींना बोलावून दाखवते.

चांगुलपणा म्हणजे मोठी देणगी, मोठा त्याग, असं आपण धरून चालतो. मला आता तसं वाटत नाही. समोरच्याला काय करायचंय ते ओळखून त्याच्या हातातलं काम त्याच्याच हातात राहू देणं आणि आपण बाजूला उन्हात उभं राहणं, हे फार थोड्यांना जमतं. तुम्ही इतकी वर्षं शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवलंत. त्या मुलांचा मला खरंच हेवा वाटतो.

आता एक विचारायचंय. रात्री पांढरी चादर टांगून तिच्यावर उजेड सोडला की पतंग येतात, असं तुम्ही म्हणाला होतात. चादर आईने काढून ठेवलीय, दोरीही बांधून झालीय. बल्ब कोणता लावायचा तेवढं कळवा, आणि येताना काकूंनाही घेऊन या. जेवण आमच्याकडेच.

तुमची,
पलीकडच्या घरातली