हमी बँकेला, व्याज विद्यार्थ्याला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की घरोघरी शैक्षणिक कर्जाचा विषय निघतो आणि त्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'सरकारी कर्ज आहे, नोकरी लागली की फेडायचे, तोवर काही द्यायचे नाही.' मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या मुलांना अर्ज भरायला मदत करतो. या वाक्याचे तिन्ही तुकडे अर्धवट खरे आहेत आणि न कळलेल्या अर्ध्याची झळ मुलांना पुढे दहा-पंधरा वर्षे सोसावी लागते, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, कर्ज सरकार देत नाही. बँक देते, आपल्या पैशातून आणि आपल्या व्याजदराने. सरकारचा सहभाग दोन ठिकाणी असतो, एक हमीत आणि दुसरा व्याजात. ठरावीक योजनांखाली साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा जामीनदार लागत नाही, कारण थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत हमी सरकारने उभ्या केलेल्या निधीतून बँकेला मिळते. 'सरकारची हमी आहे' हे ऐकून पालकांना वाटते की उद्या मुलाला जमले नाही तर सरकार भरेल. तसे नाही. ती हमी बँकेचे नुकसान भरून काढण्यासाठी आहे. हमीचे पैसे बँकेला मिळाले तरी विद्यार्थ्याचे देणे माफ होत नाही, वसुली चालूच राहते, आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईवडिलांच्याही 'सिबिल'वर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, ती थकबाकी येते.

दुसरी गोष्ट मोरॅटोरियमची, म्हणजे हप्ता न भरण्याच्या सवलतीच्या काळाची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, हे खरे. पण पहिल्या वर्षाची फी बँकेने कॉलेजकडे वर्ग केली की त्या दिवसापासून त्या रकमेवर व्याज सुरू होते. थांबलेला असतो तो हप्ता. व्याज थांबलेले नसते.

मागे एक गृहस्थ मुलाच्या कर्जखात्याचा उतारा प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून माझ्याकडे आले होते. दर महिन्याच्या अखेरीला खात्याला व्याज नावे पडले होते आणि अशा प्रत्येक नोंदीखाली त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती. साठ महिन्यांच्या साठ रेघा. बँकेने आपल्याला फसवले, अशी त्यांची खात्री झाली होती. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या वर असल्याने त्या वेळच्या व्याज अनुदानात ते बसत नव्हते, आणि मंजुरीच्या वेळी हे त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते. मंजुरीपत्रात सगळे छापलेले होते, पण इंग्रजीत, बारीक अक्षरात, सह्यांच्या ढिगाऱ्यात. बँकेने नियम मोडला नव्हता, तरीही त्या माणसाचा संताप मला अनाठायी वाटला नाही. अशा कागदांवर लोकांच्या सह्या घेणाऱ्यांत एके काळी मीही होतो.

त्यांचे आकडे बाजूला ठेवून हिशोब सोप्या आकड्यांत मांडतो. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दर वर्षाच्या सुरुवातीला पावणेदोन लाख म्हणजे एकूण सात लाख कर्ज, आणि व्याज सरळ १० टक्के. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक, अशी पाच वर्षे काहीच भरले नाही तर २ लाख ४५ हजार रुपये व्याज साचते. ते मुद्दलात मिळवले जाते आणि पहिला हप्ता ठरतो तो सात लाखांवर नव्हे, तर ९ लाख ४५ हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण साडेबारा हजारांचा आणि एकूण परतफेड सुमारे पंधरा लाखांची. हप्ता हलका व्हावा म्हणून पंधरा वर्षे घेतली तर तो दहा हजारांच्या थोडा वर येतो, पण एकूण परतफेड सव्वाअठरा लाखांच्या पुढे जाते. व्याजदर बहुधा तरता, म्हणजे वेळोवेळी बदलणारा, असल्यामुळे हे आकडे पुढे वरखाली होणार, हेही धरून चालावे.

आता व्याज अनुदान. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल, तर २००९-१० पासून चालत आलेल्या केंद्रीय योजनेखाली मोरॅटोरियमच्या काळातील संपूर्ण व्याज केंद्र सरकार भरते. हा मोठा आधार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना त्यापुढच्या उत्पन्नगटासाठी आली. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात तीन टक्के व्याज सवलत मिळू शकते, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांच्या मर्यादेत. ही योजना राष्ट्रीय क्रमवारीतून निवडलेल्या दर्जेदार संस्थांपुरती आहे. मंजुरीच्या वेळी त्यांची संख्या ८६० होती. म्हणून कॉलेजचा पर्याय भरण्यापूर्वीच ते कॉलेज यादीत आहे का, हे पाहावे. प्रवेश झाल्यावर पाहून उपयोग नाही.

इथे तीन टक्के या शब्दांकडे नीट लक्ष द्यावे. व्याजदर तीन टक्के होत नाही. दहा टक्क्यांतील तीन सरकार भरते आणि सात विद्यार्थ्याच्या नावावर साचत राहतात. वरच्या उदाहरणात २ लाख ४५ हजारांऐवजी सुमारे १ लाख ७१ हजार साचतील, आणि मोरॅटोरियम संपला की ही सवलतही संपते. साडेचार लाखांच्या योजनेतही एक अट आहे, जी फार कमी जणांना ठाऊक असते : मुलाने आजारपणासारख्या कारणाशिवाय अभ्यासक्रम मध्येच सोडला, तर अनुदान मिळत नाही. नापास होऊन घरी बसलेल्या मुलाच्या डोक्यावर त्याच वेळी व्याजही येते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत पोहोचला नाही म्हणून पात्र मुलेही वंचित राहिलेली मी पाहिली आहेत. दाखला दिल्याची पोच घ्यावी, आणि उताऱ्यात अनुदान जमा झाले का, हे वर्षातून एकदा तरी तपासावे.

ज्यांना अनुदान नाही त्यांनी शिकत असतानाच व्याज भरत राहावे, असे मी आग्रहाने सांगतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला दीड हजारांच्याही आत असते. चौथ्या वर्षी ते पावणेसहा हजारांच्या पुढे जाते आणि तेवढे सर्वांना झेपणार नाही, पण जमेल तितके भरले तरी मुद्दल तेवढे कमी फुगते. शिवाय शिक्षणाच्या काळात नियमित व्याज भरणाऱ्यांना एक टक्क्यापर्यंत दर कमी करण्याची तरतूद बँकांच्या संघटनेच्या आदर्श योजनेत आहे. आपली बँक ती देते का, हे मंजुरीच्या वेळीच विचारावे. नोकरी लांबली तर हप्ते पुढे ढकलण्याची सोयही त्याच योजनेत आहे. मात्र ती आपोआप लागू होत नाही; हप्ता थकण्यापूर्वी लेखी अर्ज करावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी संकोचापोटी मुले बँकेत जायचे टाळतात.

बँकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण मी ती बाजू आतून पाहिली आहे. शाखेत माणसे कमी असतात, लहान कर्जाला कागदपत्रे मोठ्या कर्जाइतकीच लागतात आणि थकबाकीचा जाब शाखा व्यवस्थापकाला विचारला जातो. पण म्हणून 'तुमचा पत्ता आमच्या शाखेच्या क्षेत्रात येत नाही' असे सांगून मुलांना परत पाठवणे समर्थनीय ठरत नाही. या कारणाने शैक्षणिक कर्जाचे अर्ज नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना बजावले आहे. तोंडी नकार पालकांनी स्वीकारू नये. अर्ज शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर (संकेतस्थळावर) करावा आणि नकाराचे कारण लेखी मागावे.

माझी मागणी एकच आहे. कर्ज मंजूर करताना प्रत्येक बँकेने विद्यार्थ्याला मराठीत एका पानाचा तक्ता द्यावा. त्यात दर वर्षी साचणारे व्याज, सरकार भरणार असेल तर त्याचा वाटा, पहिल्या हप्त्याच्या दिवशी असणारी एकूण बाकी आणि हप्त्याची अंदाजे रक्कम ठळक अक्षरांत असावी. हे सगळे आकडे शाखेतल्या संगणकात असतातच. ते छापून सहीपूर्वी विद्यार्थ्याच्या हातात द्यायचे आहेत. राज्यस्तरीय बँकर्स समितीने येत्या प्रवेश फेऱ्यांपूर्वी असा नमुना सर्व शाखांना पाठवावा, अशी विनंती मी आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी