काडीपेटीतले कंडेन्सर

ती. अण्णा आणि आईस,

सा. न. वि. वि.

या पत्रासोबत एक काडीपेटी पाठवली आहे. उघडण्याआधी फॅन बंद करा, खाली आईचं पांढरं पातळ पसरा आणि कुणी शिंकू नका. तपकिरी कण्या दिसतील, दोन्ही टोकांना चांदीसारखी चमक असलेल्या. मोहरीहूनही बारीक. कचरा समजून झाडून टाकू नका. त्यांच्या पोटात मी केलेली वस्तू आहे.

संक्रांतीला फोनवर अण्णा म्हणाले होते, "वीस वर्षं झाली, पण तू काय बनवू लालीस ते आम्ही डोळ्यानं बघितलं नाही." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर लागलं होतं. धाकट्या काकांच्या लग्नघरी तुम्ही सगळ्यांना "ती कंप्युटरमध्ये आहे" म्हणून सांगत होता, तेव्हाही लागलं होतं. पण चूक तुमची नाही. मी कधी नीट बसून सांगितलंच नाही.

हे कंडेन्सर आहेत. आपला फॅन मे महिन्यात हळू फिरायला लागला की अण्णा दुकानातून अडीच एमएफडीचा आणून बसवतात ना, त्याचंच हे भावंड. फॅनच्या कंडेन्सरमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मची गुंडाळी असते, यात चिनी मातीसारखे भाजलेले थर असतात. काम तेच, वीज क्षणभर साठवायची आणि हवी तेव्हा सोडायची. अण्णांच्या मोबाइलमध्ये असे हजारभर तरी असतील. काडीपेटीतला मोठा १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद आहे. त्याच्या पोटात शेकडो थर आहेत, एक थर विजेला अडवणारा आणि एक निकेलचा, असे आळीपाळीनं. एकेक थर एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

मी कंडेन्सर बनवत नाही, त्यातला अडवणारा पदार्थ बनवते. बेरियम टायटनेट नावाची पांढरी भुकटी. अण्णा, इस्त्री दुरुस्त करताना तुम्ही अभ्रकाचा तुकडा कापून घालायचात, आठवतं? पूर्वी चांगले कंडेन्सर त्याच अभ्रकाचे असत आणि जगाला तो पुरवायचा आपला देश, मुख्यतः कोडरम्याच्या खाणी. दुसऱ्या महायुद्धात तो मिळेनासा होईल या धास्तीनं अमेरिका, रशिया आणि जपान तिन्हीकडे पर्यायाचा शोध सुरू झाला. त्यात ही भुकटी हाती लागली. म्हणजे माझी भाकरी कोडरम्याच्या अभ्रकाला हटवून आलेल्या पदार्थावर चालते.

नुसती भुकटी मात्र लहरी असते. १२० अंशांच्या आसपास तिची वीज साठवण्याची ताकद एकदम उसळी मारते आणि मग ढासळते. गिऱ्हाइकाला हवं असतं की उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत ती १५ टक्क्यांच्या बाहेर हलू नये. म्हणून तिच्यात चिमूटभर मॅग्नेशियम, चिमूटभर डिस्प्रोशियम नावाचा धातू असं काय काय घालायचं. कुठली चिमूट किती, यातच माझी वीस वर्षं गेली.

आई, पुढचं तुला लगेच कळेल. भुकटीत चिकट आणि पातळ करायचं द्रव घालून धिरड्याच्या पिठासारखं सरबरीत करतात. ते प्लॅस्टिकच्या पट्टीवर पात्यानं पसरवतात, वाळवतात, वर निकेलची शाई छापतात, थरावर थर रचून दाबतात, कापतात आणि मग भट्टीत घालतात. १२०० ते १३०० अंश, गावच्या कुंभाराच्या आव्याला एवढी आच कधी लागत नाही. वर अडचण अशी की भट्टीत हवा ठेवली तर निकेल जळून जातं, आणि हवा काढली तर माझ्या भुकटीतलाच प्राणवायू निघून जातो. त्याच्या रिकाम्या जागा मागे राहतात. वीज लावली की त्या जागा मुंगीच्या चालीनं सरकत जातात आणि दोन-चार वर्षांनी कंडेन्सर बसतो. चिमूटभर डिस्प्रोशियम त्या जागांना धरून ठेवायला असतं.

पहिल्या कंपनीत मला भट्टीवर जाऊ दिलं नाही. रात्रपाळीला मुलगी नको म्हणाले आणि दीड वर्ष फायली लिहायला बसवलं. माझ्यानंतर आलेली पोरं भट्टीवर गेली. तुम्हाला हे कळवलं नाही, कारण अण्णा तेव्हा म्हणाले असते, बरंच झालं.

२०१३ च्या पावसाळ्यात, इथे बेंगळुरूला, माझी भुकटी घातलेले लॉटच्या लॉट वाया गेले. वरून चिप (या कणीला आम्ही चिप म्हणतो) ठणठणीत आणि आतले थर सुटलेले. आठ महिने मी बारीक चाळत होते, दमट हवा, चिकट, दाब. शेवटी निघालं ते साधंच होतं. भाजताना सगळंच आक्रसतं, पण निकेल माझ्या भुकटीच्या कितीतरी आधी आक्रसतं. एकानं अंग चोरलं, दुसरं अजून जागेवरच, मग मधे फट पडणार नाहीतर काय? निकेलच्या शाईतच थोडी आमची भुकटी मिसळली, तसं निकेल थांबायला लागलं.

फटी शोधायची रीत तर तुझीच, आई. चैत्रातल्या तेरच्या यात्रेत माठ घेताना तू बोटाचं पेर वाजवून, कान लावून एकेक माठ परत ठेवायचीस. कुंभार वैतागायचा. आम्ही चिप पाण्यात बुडवतो आणि तिच्यावर कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी सोडतो. आत पोकळी असली की लहर तिथून परत फिरते आणि पडद्यावर पांढरा डाग उमटतो. पहिल्यांदा ते यंत्र बघितलं तेव्हा मला गोरोबाकाकांचं थापटणं आठवलं. संतांच्या डोक्यांवर मारून कच्चं-पक्कं ठरवलं, ती गोष्ट. नापास झालेल्या चिपला मी मनात "नामदेव" म्हणते. रागावू नकोस, ते पुढे पक्के झाले, चिप होत नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी मॅनेजर झाल्याचं कळवलं होतं. अण्णांनी पेढे वाटले. ते पद मी सात महिन्यांत सोडलं. काढलं नाही, मीच लेखी दिलं. दिवसभर बैठका आणि लोकांच्या रजा मंजूर करणं. भट्टीचा आलेख दुसरा कुणीतरी बघायचा आणि मला फक्त आकडा सांगायचा. पगार थोडा उतरला, पण हप्ते भागतात. दोन वर्षं फोनवर "मॅनेजरीण बाई कशा आहेत" विचारलंत की मी विषय बदलायचे. ते बरं वाटत नव्हतं.

अण्णा, यावर काय म्हणायचं ते पत्रातच लिहा, फोनवर नको. फोनवर आपण दोघं भांडतो.

चैत्रात चार दिवस येते. यात्रेला जाऊ, माठ घ्यायचाच आहे. आणि काडीपेटीत अकरा चिपा आहेत, मोजून घाला परत.

तुमची,
ताई