अ‍ॅम्पची शिट्टी : आधी दोष शोधावा, मग ट्यूब बदलाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्यूबवर, म्हणजे विजेचा संदेश वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणारा गिटार अ‍ॅम्प्लिफायर आवाज जरा वाढवताच शिट्टी मारू लागला की बहुतेक वादकांना एकच सल्ला मिळतो : सगळ्या ट्यूब बदलून टाका. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यापायी धडधाकट ट्यूब टाकून दिल्या जातात आणि पुष्कळदा शिट्टी तशीच राहते. दोष कुठे आहे याचा बराचसा शोध वादकाला स्वतःच घेता येतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात गिटारपासून करावी. आवाज वाढत असताना तळहाताने तारा दाबल्यावर तो थांबला, तर स्पीकरच्या आवाजाने ताराच कंप पावत आहेत. अशा वेळी स्पीकरपासून दूर सरकावे किंवा गेन (संदेश किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) कमी करावा. तारा दाबूनही कर्कश शिट्टी चालूच राहिली, आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेताच बंद झाली, तर संशय पिकअपवर, म्हणजे गिटारच्या तारांचा कंप टिपणाऱ्या वेटोळ्याच्या भागावर, घ्यावा. त्याच्या वेटोळ्यातील सैल तार स्वतःच थरथरत असते, आणि जाणकाराकडून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून घेतला की ती जागच्या जागी घट्ट बसते. यात अ‍ॅम्पचा काहीच दोष नसतो.

गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढल्यावरही शिट्टी येत असेल, तर मात्र दोष अ‍ॅम्पमध्येच आहे. आता अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम हळूहळू शून्यावर आणावा. शिट्टी गेली तर दोष त्या बटणाच्या अलीकडच्या भागात, न गेल्यास पलीकडच्या भागात असण्याची शक्यता जास्त. ज्या अ‍ॅम्पच्या ट्यूब मागच्या बाजूने दिसतात, तिथे अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलच्या लाकडी टोकाने छोट्या ट्यूबवर एकेक करून अलगद टिचकी मारावी. थोडीशी टकटक प्रत्येकीतून ऐकू येते, तिला घाबरू नये. पण जिच्यातून भांडे वाजल्यासारखा घुमणारा नाद निघतो किंवा टिचकीसरशी शिट्टीच सुरू होते, तिच्या आतील जाळी सैल झालेली असते. बहुतेक वेळा ही ट्यूब इनपुटजवळची पहिलीच असते, कारण तिच्यात उठलेला कंप पुढचा प्रत्येक टप्पा वाढवत नेतो, आणि स्पीकर व ट्यूब एकाच पेटीत असतील तर स्पीकरचे हादरेही तिला सतत बसतात. या जागी सहसा १२एएक्स७ या प्रकारची ट्यूब असते, जिचा वर्धनांक (संदेश वाढवण्याचे प्रमाण) १०० आहे. अ‍ॅम्प बंद करून, ट्यूब निवल्यावर, तिची शेवटच्या छोट्या ट्यूबशी अदलाबदल करून पाहावी. पहिल्या जागी निकामी ठरलेली ट्यूब तिथे कित्येकदा बिनतक्रार काम देते, आणि एकही नवी ट्यूब घ्यावी लागत नाही.

ट्यूब बदलून न जाणारे दोषही आहेत. ट्रेबल आणि गेन दोन्ही वाढवल्यावरच शिट्टी येत असेल, तर आतील तारांची मांडणी तपासावी लागते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबमधील संदेश स्पीकरला पोहोचवणारा भाग) बदलल्याबरोबर अ‍ॅम्प किंचाळू लागला, तर त्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या असण्याचा संभव मोठा असतो, कारण आउटपुटमधून मागे उलट दिशेने दिलेला, आवाज आवरणारा ऋण फीडबॅक तेव्हा धन होतो, म्हणजे आवाज उलट वाढवू लागतो. शिट्टीऐवजी संथ पुटपुट येत असेल, तर आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणारे फिल्टर कपॅसिटर पाहावेत. ही सर्व कामे तंत्रज्ञाचीच आहेत. आत ३०० ते ४५० व्होल्ट, काही अ‍ॅम्पमध्ये त्याहूनही अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो, त्यामुळे अननुभवी व्यक्तीने चॅसिस (आतील भाग बसवलेली धातूची चौकट) उघडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्पीकर सोडवून अ‍ॅम्प चालू करणेही टाळावे. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

अ‍ॅम्प दुरुस्तीला देताना शिट्टी कोणत्या बटणावर, किती आवाजाला, गिटार जोडलेली असताना येते की नसतानाही, हे वादकांनी कागदावर लिहून द्यावे. दुरुस्ती करणाऱ्यांनीही काढलेल्या ट्यूब ग्राहकाला परत कराव्यात आणि त्यांपैकी सदोष कोणती होती, ते स्पष्ट सांगावे.

आपला,
एक वाचक