गेर्निकात रंग भरून काय शिकणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाणी, चित्रं, नाटकातून इतिहास शिकवा असं सांगणारा कालच्या अंकातला लेख वाचला. मुद्दा शंभर टक्के मान्य, पण लेखभर 'मुलं कंटाळत नाहीत', 'तास मजेत जातो' एवढंच येत राहिलं आणि तिथे माझं डोकं फिरलं. चित्र काय मुलांना रमवायला असतं? अहो, तो पुरावा आहे, सनावळीइतकाच.

मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेत इतिहासाचा 'कला उपक्रम' झाला. पिकासोच्या गेर्निकाची, म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धात बॉम्बहल्ला झालेल्या गेर्निका गावावरच्या चित्राची, झेरॉक्स हातात दिली आणि सांगितलं, छान रंग भरून आणा, नीटनेटकेपणाला मार्क. पोरीने घोडा तपकिरी केला आणि डावीकडे बाळाला घेऊन आक्रोश करणारी बाई आहे ना, तिला जांभळा ड्रेस. ते बाळ मेलेलं आहे हे वर्गात कोणी सांगितलंच नव्हतं! घरी मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, बॉम्ब पडले तर विमानं कुठे आहेत यात?

हा प्रश्न वर्गात यायला हवा होता हो. विमानं चित्रात नाहीतच. २६ एप्रिल १९३७ ला उत्तर स्पेनच्या बास्क भागातल्या त्या गावावर बॉम्ब टाकले ते पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी, हे चित्रातून कळत नाही, त्यासाठी दुसरीकडे शोधावं लागतं. पिकासो स्वतः तेव्हा पॅरिसला होता, त्यालाही बातमी पेपरातूनच कळली. साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब चित्र, सगळं काळं, पांढरं, करडं. त्याने मुद्दाम न वापरलेले रंग आपण मुलांकडून भरून घेतो आणि त्याला इतिहास म्हणतो, याचा मला आजही राग येतो. स्पेनमध्ये लोकशाही आल्याशिवाय चित्र तिकडे न्यायचं नाही असं त्याचं म्हणणं होतं, ते पोचलं १९८१ ला. एवढ्यावर नागरिकशास्त्राचे दोन तास सहज होतील.

संगीताचंही तेच. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी (वाद्यवृंदाची मोठी रचना) नुसती ऐकवून काय होणार? ९ ऑगस्ट १९४२ ला जर्मन सैन्याच्या वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये ती वाजली तेव्हा वादक उपासमारीने इतके खंगले होते की जादा रेशन द्यावं लागलं, कमी पडले ते सैन्यातून बोलावले, आणि लाउडस्पीकर जर्मनांच्या दिशेनेही लावले होते. का लावले असतील, हे विचारा मुलांना. कलेतही प्रचार असतो, तोही ओळखता यायला हवा. स्पॅनिश चित्रकार गोयाने १८०८ च्या गोळीबाराचं, म्हणजे फ्रेंच सैनिकांनी माद्रिदच्या लोकांना गोळ्या घातल्या त्याचं चित्र १८१४ मध्ये काढलं, सहा वर्षांनी, स्पेनचा राजा परत येत असताना. मग त्यावर किती विश्वास ठेवायचा? लेखात याबद्दल एक ओळ नाही.

आणि एक, लेखासोबत अर्ध्या पानाचं एवढं सुंदर चित्र छापलंत, खाली चित्रकाराचं नाव नाही, साल नाही, काहीच नाही. निदान ऑनलाइन आवृत्तीत तरी आजच्या आज टाका.

आपली,
एक पालक