खळीचा पट्टा

महोदय,

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हापासून 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या ब्लॅकआउटच्या आठवणी ठिकठिकाणी वाचतो आहे. बहुतेकांनी त्यातली मजाच लिहिली आहे. मजा होतीच, नाकारत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा, परळच्या चाळीत. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं आणि खिडक्यांच्या काचांवर खळीने कागद चिकटवायचं काम आम्हा पोरांकडे आलं. बल्बला वडिलांनी बुटांच्या खोक्याची टोपी केली होती. उजेड पडे तो ताटापुरता. कुणाच्या फटीतून प्रकाश दिसला की खालून आरोळी, ‘ए दुसरा मजला, लाइट बंद!’ हल्ल्याचा भोंगा चढत-उतरत विव्हळायचा, धोका टळला की सरळ एका सुरात वाजायचा. युद्ध संपल्यावरही कित्येक दिवस गिरणीचा भोंगा झाला की धाकटी बहीण झोपेतच ‘गेलं विमान’ म्हणायची.

आईचं युद्ध मात्र वेगळं होतं. तिचा धाकटा भाऊ नौदलात. कोणत्या जहाजावर, हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. ते कानावर आल्यापासून बातम्या संपल्या तरी आई रेडिओपासून हलत नसे. रोज एक पाकीट आजोळी : काही कळलं का? तेव्हा पाकिटावर बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लागे. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ छापून ते आधी निघालं होतं. ते चिकटवायचं माझ्याकडे. एकदा विसरलो आणि पत्र तसंच पेटीत टाकून आलो. आईने मला मारलं. आयुष्यात तेवढंच एकदा. पाच पैशांसाठी एवढं काय, असं वाटून मी जिन्यात जाऊन रडलो.

16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली, चाळीत पेढे वाटले. आमच्या खिडकीचे कागद मात्र आईने काढू दिले नाहीत. मामाचं पत्र महिनाअखेरीला आलं. दोन ओळी, त्यातली एक माझ्या परीक्षेची चौकशी करणारी. मग तिने स्वतःच पाणी लावून कागद खरवडले. डाव्या काचेवरचा खळीचा पट्टा काही निघाला नाही. चाळ पाडेपर्यंत तो तिथेच होता.

– एक वाचक, परळ