‘हा आकडा कुणाच्या वहीतला?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही घालायचं नाही, ही तुमची अट पाळतेय. तुम्ही राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालात आणि नाशिकला राहता, एवढंच वाचणाऱ्यांना सांगते. आभाराचं पत्र चारचौघांत कशाला, असं तुम्ही म्हणालच. पण माझ्यासारखी मुलं-मुली आज शेतकरी कंपन्यांत, पतसंस्थांत, स्वयंसेवी संस्थांत कामाला आहेत. वरून ‘अभ्यास करून अहवाल सादर करावा’ असा कागद येतो आणि तो करायचा कसा हे सांगायला शेजारी कुणी नसतं. मला तुम्ही होतात. तुम्ही काय सांगितलंत ते त्यांच्याही हाती पडावं म्हणून हे असं लिहितेय. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही फोड करून सांगाव्या लागतील, तेवढं चालवून घ्या.

आमची कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन चालवलेली कंपनी, आणि विषय कांद्याचा. निफाड तालुक्यात दुसरा कुठला असणार! संचालक मंडळाचा ठराव होता: ‘उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीबाबत अभ्यास करून अहवाल सादर करावा.’ (उन्हाळ म्हणजे रब्बीचा, उन्हाळ्यात निघणारा कांदा.) कागद वाचून तुम्ही म्हणालात, “अगं, यात प्रश्न कुठे आहे? हा तर विषय झाला.” मग विचारलंत की अहवाल वाचून झाल्यावर कोण उठून काय करणार आहे? कंपनीने स्वतःच्या चाळी, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेड, बांधायच्या की नाही, एवढंच मंडळाला ठरवायचं होतं. त्यावरून प्रश्न तयार झाला: सभासदाने मे महिन्यात कांदा विकला तर हातात किती पडतात, आणि तोच कांदा सप्टेंबरपर्यंत ठेवला तर घट, मजुरी, बारदान, व्याज वजा जाता किती उरतात? या एका वाक्याने माझं निम्मं काम कमी केलं. कांद्याचं जागतिक उत्पादन, महाराष्ट्राचा वाटा, वाणांची यादी, असं काय काय मी गोळा करायला घेतलं असतं! अशा अहवालांचं प्रास्ताविक फार लठ्ठ असतं.

मग आकडे. बाजारभाव मिळवणं आता अवघड नाही. केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट आहे, पुण्याच्या कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ आहे, बाजार समितीची स्वतःची दप्तरं आहेत. तुमचा सवाल पहिल्या दिवसापासून एकच: “हा आकडा कुणाच्या वहीतला? त्याने तो कशासाठी लिहिला?” सुरुवातीला मला हा खात्यातला जुना खाक्या वाटायचा. एकेका रकान्याची कुळकथा कळत गेली तसा त्याचा अर्थ उमगला.

आमच्या तालुक्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉल्यांचा लिलाव होतो आणि दिवसअखेर तीन भाव नोंदले जातात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल भाव एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा त्याचाच होतो. किमान भावात गोल्टी, म्हणजे बारका कांदा, नि खराब माल येतो. सर्वसाधारण म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. आमच्या सभासदाच्या खिशाशी नातं आहे ते या तिसऱ्याचं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो दुसरा. पुढे लासलगाव मुख्य आवार वेगळं, निफाड आणि विंचूरचे उपबाजार वेगळे. यादीत तिघांच्या तीन नोंदी. एका ठिकाणी आवक टनांत, दुसरीकडे क्विंटलमध्ये. वसंतात आधीच्या हंगामाचा लाल कांदा संपत येतो आणि उन्हाळ सुरू होतो तेव्हा दोन्हींचे भाव एकाच रकान्यात पडले, तर बाजार चढला की उतरला हे सांगताच येत नाही. माल बदललेला असतो. सणवार, व्यापाऱ्यांचा बंद या दिवशी लिलाव नाही, म्हणून रकाना रिकामा. “रिकामं म्हणजे शून्य नव्हे,” हे तुम्ही माझ्या फाइलवर लाल पेनाने लिहिलंत. संगणकाला तो फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

सरासरीचंही तसंच. महिन्याचे सगळे दिवस सारखे धरून भावाची सरासरी काढली की ती खऱ्यापेक्षा बरी दिसू शकते, कारण आवक उसळते त्या दिवशी भाव खाली येतो आणि जास्त माल त्याच दिवशी विकला जातो. म्हणून आवकेचं वजन देऊन भारित सरासरी काढायची. शाळेत शिकलो होतो हे, पण ते गणिताच्या पेपरापुरतं. ट्रॉली रांगेत उभी असलेल्या माणसाचं नुकसान या सूत्रात मावतं हे तुमच्याकडे बसल्यावर कळलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घटीवर. चाळीत कांदा तीस ते चाळीस टक्के जातो, हे वाक्य आमच्याकडे मंत्रासारखं म्हटलं जातं. मंत्र्यांच्या भाषणातही तेच, कंपनीच्या कर्जप्रस्तावातही तेच. तुम्ही विचारलंत: किती महिन्यांत? वाळून कमी झालेलं वजन त्यात धरलंय का? सड किती, कोंब किती? राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात, कारण तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. मंडळाच्या बैठकीत याचा फार उपयोग झाला. एका संचालकांनी विचारलं की लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र (कांद्यावर किरणांचा मारा करणारं) २००२पासून आहे, तिथून कांदा काढून आणला तर घट थांबेल ना? घटीचा एकच गठ्ठा आकडा हातात असता तर मी गप्प बसले असते. वेगवेगळे आकडे होते म्हणून सांगता आलं की विकिरणाने कोंब येणं थांबतं, सड थांबत नाही, आणि आमच्या सभासदांना मारते ती सड.

हे आमच्या सभासदांचे आकडे आले कुठून, तर तीही तुमचीच युक्ती. “घट किती झाली असं शेतकऱ्याला विचारू नकोस,” तुम्ही म्हणालात. “भाव चांगला मिळाला असेल तर थोडी सांगेल, पडला असेल तर जास्त सांगेल. खोटं बोलत नसतो तो, त्याला तशीच आठवते.” विकताना हिशोबपट्टी, म्हणजे व्यापाऱ्याची पावती, असते, त्यावर वजन पक्कं. चाळीत भरताना मात्र कुणी वजन करत नाही. ‘चार ट्रॉल्या घातल्या’ एवढाच हिशोब. म्हणून वजन करून बांधलेल्या जाळीच्या पिशव्या ढिगाच्या वर, मध्ये आणि तळाशी ठेवायच्या आणि चाळ फोडताना पुन्हा काट्यावर घालायच्या. साधी गोष्ट, पण तिच्यामुळे सभासदांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की ढीग चार-पाच फुटांच्या वर गेला की खाली काय होतं.

आणि कुणाच्या चाळीत ठेवायच्या? डांबरी रस्त्यालगतचे, चहा पाजणारे, कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमाला येणारे सभासद लगेच तयार असतात. तुम्ही नोंदवही मागवलीत, सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकायला लावल्यात. त्यामुळे मळ्यातल्या, बिगरचाळीच्या, दीड एकरवाल्या लोकांपर्यंत मी पोचले. तिथेच अहवालातली सर्वांत मोलाची गोष्ट सापडली. सप्टेंबरचा भाव चांगला दिसतो, पण तो टिकलेल्या कांद्याचा आणि टिकू शकलेल्या माणसाचा भाव असतो. खरिपाचं बियाणं, मुलांची फी, सोसायटीचा हप्ता यांसाठी ज्यांनी जूनमध्येच चाळ फोडली ते सप्टेंबरच्या आकड्यात नसतातच. हे मी लिहून आणलं तेव्हा तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणालात. तुमच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

याच सुमाराला तुम्ही पिंपळे सौदागरची गोष्ट सांगितलीत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी त्या गावाची घरोघर पाहणी केली, जमिनीचे तुकडे, कर्ज, खाणंपिणं सगळं टिपलं आणि १९१७ साली ते छापून आलं. आज तिथे आयटीवाल्यांच्या सोसायट्या आहेत. गाव ओळखू येत नाही, पण कुणी कुठे जाऊन काय मोजलं हे लिहून ठेवल्यामुळे त्या नोंदी अजून वापरता येतात, असं तुमचं म्हणणं. अहवालाच्या तळाशी मी जी ‘आकडा कुठून आला’ची ओळ घालते, ती तेव्हापासून.

विश्लेषणात तुमचा-माझा खरा वाद झाला तो पाच वर्षांच्या सरासरीवरून. सरासरी मांडली की साठवण फायद्याची दिसत होती. अध्यक्षांनाही तेच हवं होतं, कारण चाळीसाठी अनुदान मिळणार होतं. तुम्ही पेन्सिल दिलीत आणि भावाच्या रेषेवर तारखा लिहायला सांगितल्यात. २९ सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२०, पुन्हा निर्यातबंदी. १९ ऑगस्ट २०२३, चाळीस टक्के निर्यातशुल्क, आणि डिसेंबरात बंदी. जो महिना आम्ही विक्रीसाठी धरला होता, दिल्लीचे निर्णय त्याच्याच आसपास पडत होते. त्यात आश्चर्य नाही. भाव चढतात म्हणूनच निर्णय येतात. पण सरासरीत हे सगळं विरघळून जातं. “तुमचा सभासद पाच वर्षांच्या सरासरीला कांदा विकतो का गं?” या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ आली आणि चांगलं वर्ष, वाईट वर्ष शेजारी शेजारी उभी राहिली. अध्यक्षांच्या विरोधात जा असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. दोन रकाने कर आणि दोन्ही भर, एवढंच सांगितलंत.

मांडणीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे तुम्ही थोडक्यातच सांगितलंत. एक पान. उत्तर सगळ्यात वर. टक्के कमी, रुपये नि क्विंटल जास्त. रंगीत रेषा नकोत, झेरॉक्समध्ये सगळ्या काळ्याच होतात. छापण्याआधी मोठ्याने वाचून बघ. आणि एक चौकट ‘हे आम्हाला माहीत नाही’ अशी. ती चौकट ठेवायला मी कां-कूं करत होते. संचालकांना वाटेल की पोरीला काम जमलं नाही. बैठकीत सगळ्यात जास्त विश्वास बसला तो त्या चौकटीमुळेच.

आणि ते उदाहरण! समजा शंभर क्विंटल कांदा, मे महिन्यातला भाव बाराशे. हातात एक लाख वीस हजार. ठेवला आणि तीस क्विंटल गेला, तर उरलेल्या सत्तर क्विंटलमधून तेवढेच पैसे यायला भाव किती हवा? बहुतेकांनी तीस टक्के वाढवून सांगितलं: पंधराशे साठ. फळ्यावर गुणाकार केला तर एक लाख नऊ हजार दोनशे. सतराशे चौदाच्या पुढे गेल्याशिवाय बरोबरीही होत नाही, आणि मजुरी, व्याज अजून बाजूलाच. मागच्या रांगेतले एक आजोबा, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, “म्हंजी आम्ही इतकी वर्षं हिशोबच अर्धा करत होतो.” माझ्या सगळ्या आलेखांनी जे केलं नसतं ते त्या गुणाकाराने केलं.

मंडळाने सरसकट चाळी बांधायचा विचार बाजूला ठेवला. ज्याला थांबणं झेपतं त्याच्या काही मालापुरती साठवण, बाकीचा काढणीनंतर लगेच विकायचा, आणि पिशव्यांचं वजन दरवर्षी चालू ठेवायचं, असा ठराव झाला. अध्यक्ष थोडे नाराज होते, पण ठरावाचं सूचक म्हणून त्यांनीच नाव दिलं.

मॅडम, या सगळ्याचं तुम्ही मानधन घेतलं नाहीत. घरी आणलेला कांदाही निम्मा परत पाठवलात. फोन कधी ‘आता नको’ म्हणून ठेवला नाहीत, फक्त सिरियलच्या वेळेला केला की आवाज बदलायचा. आमच्या कार्यालयात आता कुणीही आकडा बोललं की शिपाईसुद्धा विचारतो, “कुणाच्या वहीतला?” संचालक वैतागतात, पण कागद शोधून आणतात.

मनापासून आभार. आणि आभारासोबत काम: मंडळाने आता टोमॅटोचा विषय दिलाय. पिंपळगाव बसवंतला भाव वीस किलोच्या क्रेटवर बोलला जातो आणि सरकारी नोंद क्विंटलवर, म्हणजे घोळ पहिल्या रकान्यापासूनच आहे. प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवलाय, नोंदवहीतून चिठ्ठ्याही काढल्यात. रविवारी सकाळी यादी घेऊन येते. लाल पेन तयार ठेवा.

आपली नम्र,
निफाडच्या शेतकरी कंपनीतली तुमची विद्यार्थिनी